उत्तमरावांच्या पंगतीतली चौकटची दुर्री

बोलतेय ती मी, चौकटची दुर्री. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी मोठ्या मानाच्या गोष्टी सांगणार आहे, आणि तेव्हा कोणी मध्येच खी-खी केलेलं मला चालत नाही.

पत्त्यांच्या कॅटात माझ्या खाली कोणी नाही. किलवरची दुर्री माझ्याच पायरीवरची, पण तिचा रंग काळा, तिच्यावर मळ तरी दिसत नाही. माझ्या अंगावर दोन लाल चौकटी आणि मध्ये सगळं पांढरं मैदान. चहाचा डाग पडला तर थेट मैदानात.

माझा जन्म छापखान्यातला. एका मोठ्या तावावर आम्ही सगळी भावंडं एकदमच छापली गेलो. माझ्या एका बाजूला बदामची राणी होती आणि दुसऱ्या बाजूला इस्पिकचा राजा. त्यामुळे शाई वाळेपर्यंत मी स्वतःला राजघराण्यातली समजत होते. मग वरून पातं आलं, ताव कापला गेला आणि कोण कुठला ते कळलं. तिथून आम्ही अकोल्याच्या एका जनरल स्टोअर्समध्ये येऊन पडलो, अगरबत्तीच्या पुड्यांशेजारी. अजूनही मला मोगऱ्याचा वास येतो असं म्हणतात. आम्हाला विकत घेतलं तेल्हाऱ्याकडच्या महादेवरावांनी. एका लग्नाच्या वरातीची बस निघायला उशीर होता म्हणून.

तेव्हापासून दुपारी चुलतभावाच्या, म्हणजे उत्तमरावांच्या, ओट्यावर आमचा डाव पडायचा. माणसांची मला खरी ओळख झाली ती तिथे. माणूस पत्ते वाटताना अंगठ्याला थुंकी लावतो. हरला की पिसणाऱ्याला दोष देतो, जिंकला की स्वतःच्या डोक्याला श्रेय देतो. आणि मी हातात आले की प्रत्येकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. "आली माय ही दुर्री!" मेंढीकोटात मला पहिल्या फटक्यात फेकायचे. सात-आठ खेळायचं म्हटलं की मला डब्यातच ठेवायचे. महादेवरावांनी तर माझ्या एका कोपऱ्यानं चक्क दात कोरले. एक्क्यानं कधी कोणी दात कोरताना पाहिलंय? तो वाकलेला कोपरा अजून तसाच आहे.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. चौकट हुकूम झाली की मी एक्क्यालासुद्धा कापते. असं क्वचित होतं, पण होतं.

आता उत्तमरावांबद्दल. कपाशी-तुरीचं चांगलं वावर, पिळदार मिशी आणि पंचक्रोशीत एका कामासाठी नाव. लग्न कोणाचंही असो, मांडवात कोणाला कुठे बसवायचं हे उत्तमराव ठरवत. टोपी-दुपट्टा कोणाला, नुसता नारळ कोणाला, पंख्याखाली कोण, कोणत्या दोन भावकीच्या माणसांमध्ये निदान एक खांब तरी पाहिजे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कोणाच्या शेजारी बसलं आणि कोण कशावरून रुसलं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत.

आणि असा माणूस एके दिवशी स्वतःच्या बायकोला विसरून आला.

त्याचं असं झालं. उत्तमराव आणि सत्यवतीबाई अमरावतीला लेकीकडे गेले होते. परत येताना गाडी मूर्तिजापूरला थांबली. उत्तमरावांना तहान लागली, म्हणून त्यांनी बाईंना बाटली भरून आणायला उतरवलं. गाडी सुटली. उत्तमराव खिडकीतून कोणाची कपाशी कशी आली ते पाहत अकोल्याला उतरले, बस धरली, घरी आले, पाय धुतले आणि ओट्यावर बसून आत आवाज दिला, "अवं, च्या ठेव!"

चहा येईना. पुन्हा आवाज दिला. आम्ही कोनाड्यात होतो, आम्हाला घरात कोणी नाही हे दिसत होतं, पण पत्त्यांना विचारतो कोण! शेवटी मुलगा योगेश वावरातून आला आणि म्हणाला, "बाबा, माय कुठी हाय?"

उत्तमरावांनी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "आत हाय ना."

सत्यवतीबाई मूर्तिजापूरच्या फलाटावर भरलेली बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. योगेशनं जाऊन त्यांना आणलं. त्या भांडल्या नाहीत. बाटली नवऱ्यासमोर ठेवली, "पाणी," म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. हे भांडण्यापेक्षा वाईट होतं.

अकोल्याच्या डॉक्टरनं तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण योगेशचं समाधान झालं नाही. "आज मायले इसरले, उद्या ब्रेक इसरतीन," म्हणाला आणि त्यानं मोटरसायकलची चाबी काढून घेतली.

तुम्हाला वाटेल, चाबीच ती. पण ऐन कापूस वेचणीचे दिवस. उत्तमरावांना स्वतःच्या वावरात जायला कोणाच्या तरी मागे बसावं लागे. कधी गड्याच्या मागे, कधी दुधवाल्याच्या कॅनला टेकून. रस्त्यात लोक विचारायचे, "काय काका, गाडी बिघडली काय?" उत्तमराव "हव" म्हणायचे आणि मिशी खाली घालायचे. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाकडे कोणी बसायची जागा विचारायला येत नाही. दिवाळीनंतरच्या लग्नाची एक बैठक गावात झाली, तिचं बोलावणं उत्तमरावांना आलंच नाही. त्या दुपारी त्यांनी आम्हाला नुसतं पिसलं. डाव मांडलाच नाही. मला फार वाईट वाटलं, आणि मला सहसा स्वतःखेरीज कोणाचं वाईट वाटत नाही.

दिवाळीच्या सुटीत अमरावतीच्या कॉलेजातून नात आली. हर्षा, योगेशची मुलगी. बोलायला आजोबांइतकीच तिखट. आल्या आल्या तिनं कोनाड्यातून आम्हाला उचललं.

"आबाजी, आमच्या कॉलेजात एक जण पूरा कॅट पाहून ओळीनं सांगे. मी शिकली थे. तुमी बी शिका. बाबाले दाखवून द्या."

"या वयात? मले कालची भाजी आठोत नाही."

"भाजी कोणालेच आठोत नाही. लग्नं आठोतात ना तुमाले? मंग झालं."

तिनं सांगितलं ते असं. नुसता पत्ता लक्षात राहत नाही, माणूस राहतो. म्हणून प्रत्येक पत्त्याचा एक माणूस करायचा. मग डोळे मिटून आपल्याच घरात फाटकापासून शिरायचं आणि पत्ते जसे निघतील तसं एकेकाला एकेका जागी बसवत जायचं. फाटक, कडुनिंब, ओटा, दिवाण, टीव्ही, देवघर, असं करत मागच्या गोठ्यापर्यंत आणि मागच्या दारानं परत स्वयंपाकघराशी. आठवायचं झालं की पुन्हा फाटकातून शिरायचं आणि कोण कुठे बसलंय ते पाहत जायचं.

उत्तमरावांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. "म्हणजे लग्नच हाय म्हण ना घरी!"

लगेच दोघांनी माणसं वाटायला घेतली. बदाम म्हणजे घरची माणसं. किलवर म्हणजे गावची. चौकट म्हणजे सोयरे, कारण चौकटीला इंग्रजीत हिरा म्हणतात आणि दागिन्यांचा व्यवहार त्यांच्याशी. आणि इस्पिक म्हणजे भावकी. का, ते उत्तमरावांनी सांगितलं नाही, पण ज्याच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, भावकीच्या धुऱ्याला लागून आहे त्याला ते कळेल. महादेवराव इस्पिकचा राजा झाले. इंदूबाई, म्हणजे उत्तमरावांची धाकटी बहीण, नऊवारी नेसते म्हणून बदामची नव्वी झाली. बदामची राणी कोण, हे विचारावंही लागलं नाही. "थे तुही आजी," उत्तमराव म्हणाले आणि पुढचा पत्ता उचलला.

मग माझी पाळी आली. चौकट, म्हणजे सोयरा. दोन, म्हणजे काय?

"नितेशमामा!" हर्षा ओरडली. "दोनदा च्या घेतल्याबिगर उठतच नाही थे."

नितेशराव! या घरचे जवाईबुवा! उत्तमरावांची लेक दामिनी हिचे यजमान, म्हणून हर्षाचे मामा, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात सुपरवायझर. ज्यांना लग्नात केशरी दुपट्टा न देता पांढरा दिला म्हणून ते मांडवातून उठून थेट बसस्टँडपर्यंत चालत गेले होते आणि ज्यांना परत आणायला आख्खी वरात गेली होती, ते जवाईबुवा म्हणजे मी! जिच्या कोपऱ्यानं दात कोरले ती मी! त्या दिवशी डब्यात मी एक्क्याला जरा सरकून बसायला सांगितलं.

सराव सुरू झाला. उत्तमराव इतके भराभर शिकले की हर्षाच थक्क झाली. खरं तर शिकायचं काय होतं? आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. फक्त दोन ठिकाणी गाडी अडायची.

एक तर माझ्यापाशी. पिसलेला कॅट म्हणजे काय भरवसा! मी कधी कडुनिंबाखाली निघायचे, कधी गोठ्यात शेणाच्या टोपल्याशेजारी. आणि जवाईबुवांना शेणाशेजारी बसवायला उत्तमरावांचं मन घेईना. ते मनातल्या मनात मला गुपचूप उचलून दिवाणावर नेऊन बसवत. मग दिवाणावरचा गोठ्यात जाई आणि सगळी ओळ चुके.

"आबाजी, थो पत्ता हाय! खरा जवाई नाही!"

"तुनंच तं म्हटलं का माणूस समज. समजलो. आता जवाई समजल्यावर गोठ्यात कसा बसवू? लोकं काय म्हणतीन?"

"तुमच्या डोक्यात कोण लोकं येऊन राह्यले पाहाले?"

"सारेच तं आले. तुनंच बलावले."

हर्षानं गठ्ठा उचलला आणि पुन्हा पिसायला घेतला.

दुसरी अडचण बदामच्या राणीची. ती कुठेही निघो, उत्तमराव त्या जागेपाशी पोचले की त्यांना तिथे कोणीच दिसायचं नाही.

"आजीलेच काहून इसरता?" हर्षा चिडली.

"इसरत नाही वं. पाटावर बसवतो, अन् मी पुढं सरकलो का उठून जाते थे. थे बसतच नाही."

"मंग दोरीनं बांधा पाटाले. जितकं इचित्र चित्र, तितकं पक्कं बसते."

"आजीले बांधू?" उत्तमरावांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, "तूच बांधून पाय."

इतकं असूनही भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी योगेशला सगळ्यांसमोर आव्हान दिलं. कॅट पिसा, एकदा दाखवा, ओळीनं सांगतो. एक बी चुकलो तं पुन्हा चाबीचं नाव काढणार नाही, जिंदगीभर दुधवाल्याच्या मागं बसीन. योगेशनं चाबी खिशातून काढून टीव्हीवर ठेवली. हर्षानं कपाळाला हात लावला, कारण आदल्या दिवशीपर्यंत एकदाही सगळी ओळ बरोबर आलेली नव्हती.

दुपारची जेवणं झाली. हॉलमध्ये सगळी मंडळी जमली. महादेवराव आले, इंदूबाई ओवाळायला आलेल्याच होत्या, दामिनी आणि जवाईबुवा दिवाणावर बसले. कॅट पिसायचा मान अर्थातच जवाईबुवांचा. त्यांनी पत्ते पिसताना मला हातात घेतलं, माझा वाकलेला कोपरा पाहिला आणि नाक मुरडलं. अहो, स्वतःलाच कोणी नाक मुरडतं का! पण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

उत्तमरावांनी एकेक पत्ता पाहिला, डोळे मिटले. पुटपुटले. शेवटचा पत्ता पाहून झाल्यावर गठ्ठा योगेशच्या हातात गेला. आता उत्तमरावांनी पत्त्याचं नाव घ्यायचं आणि योगेशनं पत्ता उलटायचा.

एक गोष्ट हर्षा मंडळींना सांगायला विसरली होती. कोण कुठे बसलंय हे उत्तमरावांना मनातल्या मनात पाहणं जमत नसे. मोठ्यानं बोलूनच जमे.

"फाटकात महादेवराव उभे हायेत. इस्पिकचा राजा."

योगेशनं पत्ता उलटला. इस्पिकचा राजा. टाळ्या पडल्या. महादेवरावांनी मिशीवर हात फिरवला आणि मग तो मध्येच थांबला. "इस्पिक काहून? अन् फाटकातच काहून? आत बस म्हटलं नाही काय मले?"

"महादेवआबाजी, थो पत्ता हाय," हर्षा म्हणाली.

"कडुनिंबाखाली सरपंच, किलवरचा एक्का. ओट्यावर आपला गडी, किलवरची चौकी. दिवाणावर..." उत्तमराव सुसाट निघाले. घरात कुठे कोण बसलंय ते ऐकता ऐकता मंडळी अशी गुंगली की आपापल्या नावाची वाट पाहायला लागली. इंदूबाई देवघरात निघाल्या. जागा पसंत पडली, पत्ता पडला नाही.

"नव्वी? सख्खी बहीण मी, अन् नव्वी? राणी काहून नाही? कोण हाय बदामची राणी?"

"येईन तिची पाळी," उत्तमराव डोळे न उघडता म्हणाले आणि पुढे गेले.

मला मात्र घाम फुटला होता. मी कोणत्या जागी पडले होते, ते मला ठाऊक होतं. कोठीची खोली झाली, कापसाची गंजी झाली, पाण्याची टाकी झाली. उत्तमराव मागच्या अंगणात आले आणि एका दारापाशी गप्प उभे राहिले.

"पुढं?" योगेश म्हणाला.

उत्तमरावांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. लख्ख आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तोंड उघडेना.

"बाबा, इसरले असान तं राहू द्या."

"इसरलो नाही. बोलू शकत नाही."

"मामाजी, बोला बिनधास्त," जवाईबुवा दिवाणावरून मोठेपणानं म्हणाले.

उत्तमरावांनी एकदा डोळे उघडून टीव्हीवरच्या चाबीकडे पाहिलं. मग त्यांनी जवाईबुवांना हात जोडले. "जवाईबुवा, मी बसवलं नाही तुमाले. तुमचे तुमी गेले. चौकटची दुर्री. संडासात."

योगेशनं पत्ता उलटला. मी! वाकलेल्या कोपऱ्यासकट! जवाईबुवांचा चेहरा माझ्या चौकटींइतका लाल झाला. ते उठायला लागले. इंदूबाईंनी "गेला आता बसस्टँडले" म्हणून पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात दामिनी हसायला लागली. अशी हसली की तिला बोलता येईना. "अहो बसा! खोटं काय हाय त्याच्यात? घरी बी सकाई मोबाइल घेऊन गेले का निंघतच नाही तठून. आवाज देऊन देऊन थकते मी!"

मग कोण थांबतं! महादेवराव आपलं फाटक विसरले आणि मांडीवर थापा मारायला लागले. जवाईबुवा अर्धवट उठलेले तसेच राहिले. रुसावं तर बायकोनं साक्ष दिलेली. शेवटी खाली बसले आणि म्हणाले, "मंग मले अजून एक च्या सांगा." म्हणजे दुसरा. म्हणजे मी बरोबर होते.

सत्यवतीबाई चहा टाकायला आत गेल्या.

आता उत्तमरावांना कोण अडवणार! न्हाणी, गोठा, ट्रॅक्टर करत ते मागच्या दारानं पुन्हा घरात शिरले. हर्षा बोटं चावत होती. योगेशच्या हातातला गठ्ठा पातळ होत गेला. होता होता एकच पत्ता राहिला. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक पाट, ती शेवटची जागा.

"अठी..." उत्तमराव म्हणाले. "अठी कोणीच नाही."

"बाबा, एक पत्ता हाय हातात."

"कोणी नाही म्हटलं ना. पाट रिकामा हाय."

हर्षानं डोळे मिटून घेतले. एवढ्यात दारात सत्यवतीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. कोण राहिलं ते सगळ्यांना कळलं होतं, इंदूबाईंनासुद्धा. कळलं नव्हतं ते फक्त डोळे मिटून बसलेल्या माणसाला. सत्यवतीबाई मूर्तिजापूरच्या फलाटावर बसल्या असतील, तशाच उभ्या होत्या.

मी उलटून सतरंजीवर पडले होते. जन्माची शेजारीण ती माझी, एकाच तावावरची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आम्हाला तोंड फक्त अशा आत्मवृत्तात मिळतं.

"पाट रिकामा हाय," उत्तमराव पुन्हा म्हणाले, पण आता हळू. "पाटापुढं ताट हाय. वाढेल हाय. झाकून ठेवलं हाय." ते थांबले. "सारे जेवले. जवाई जेवले, महादेवराव जेवले, गडी जेवला. हे कोणाचं ताट राह्यलं?"

योगेशनं शेवटच्या पत्त्यावर अंगठा ठेवला.

"बदामची राणी," ते म्हणाले. "जेवाचीच हाय अजून. थे बसते कवा, का मले बसेल दिसीन!"

योगेशनं पत्ता उलटला. बदामची राणी.

हर्षानं आरोळी ठोकली, महादेवरावांनी चुलतभावाला पाठीत धपका दिला. पण उत्तमरावांनी डोळे उघडले तरी त्यांच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही. ते उठले, बायकोच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाले, "सत्यवती, बस."

लग्नाला चाळीसेक वर्षं झाली असतील. "अवं", "ऐकलं काय", "योगेशची माय" असं सगळं ऐकलं होतं त्या घरानं. हे नाव ऐकलं नव्हतं. सत्यवतीबाई बसल्या. चक्क दिवाणावर, जवाईबुवांना जरा सरकवून. आणि उत्तमरावांनी मंडळींना चहा वाटला. दोन कप कमी पडले आणि एक सांडला. माझ्यावरच सांडला, पण त्या दिवशी मी काही मनावर घेतलं नाही.

योगेशनं टीव्हीवरची चाबी उचलली. "घ्या बाबा. मानलं तुमाले." उत्तमरावांनी हात पुढे केला. पण त्याआधीच दुसरा हात आला आणि चाबी घेऊन गेला. सत्यवतीबाईंनी ती पदराच्या टोकात बांधली आणि पदर कमरेला खोचला.

"गाडी तुमचीच हाय. खुशाल चालवा," त्या म्हणाल्या. "पण चाबी माह्यापाशी राहीन. वावरात जा, का अकोल्याले जा. मी आठोल्याबिगर गाडी चालूच होणार नाही. पाहते मंग कशी इसरता मले."

यावर अपील नव्हतं.

त्यानंतर सकाळी सकाळी उत्तमराव फाटकातून हाक मारतात, "सत्यवती, चाबी!" गल्लीत सगळ्यांना ऐकू जाते. पहिल्या पहिल्यांदा पोट्टे हसायचे, आता त्या हाकेवर दोन घरांत चहा ठेवतात. उत्तमराव पुढच्या सीटवर बसून वावरात जातात, आणि दिवाळीनंतरच्या त्या लग्नाच्या मांडवात खांब कुठे पाहिजे ते त्यांनाच विचारायला माणसं आली.

हे सगळं मला दामिनी फोनवर बोलते त्यातून कळतं. कारण मी आता तिथे नाही. भाऊबीजेच्या दिवशी निघताना जवाईबुवांनी सासऱ्यांपुढे हात केला, "मामाजी, माहा पत्ता मले द्या." कोणाची नाही म्हणायची छाती होती! त्यांनी मला मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्ये, मागच्या बाजूला बसवलं. आता मी अमरावतीला असते. दिवसा नांदगाव पेठच्या कारखान्यात कामगारांना माझी गोष्ट ऐकावी लागते. सासऱ्यांनी बावन्न पत्त्यांतून मला निवडलं, असं जवाईबुवा छाती फुगवून सांगतात. त्यांच्या गोष्टीत मी दिवाणावर निघते. मी मागच्या बाजूला असते, काय बोलणार?

मानाची जागा मिळाली खरी. कोणी फेकत नाही, दात कोरत नाही. पण तिकडे माझा कॅट मोडला. माझ्या जागी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून त्यावर 'जवाई' लिहिलंय म्हणे, आणि मेंढीकोटात तो तुकडाही पहिल्या फटक्यात फेकतात. मला इथे मोबाइलच्या पाठीला चिकटून उबदार वाटतं, पण दुपार झाली की ओटा आठवतो. थुंकी लावलेला अंगठासुद्धा आठवतो.

म्हणून जाता जाता एवढंच. हातात दुर्री आली तर लगेच तोंड वाकडं करू नका, ती कोणाचा जवाई निघेल सांगता येत नाही. आणि तुमची गाडी कधी मूर्तिजापूरला थांबली आणि घरचं कोणी पाणी आणायला उतरलं, तर खिडकीतून कपाशी पाहू नका. फलाट पाहा. नाव घेऊन हाक मारा.

बरं, येते मी. सकाळ झाली, जवाईबुवांनी मोबाइल उचलला. कुठे निघालो ते विचारू नका. उत्तमरावांची एकही जागा चुकली नव्हती.